अण्णांची ३५ रुपये हजेरी

आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज दर दोन-तीन महिन्यांनी फिरून फिरून येतो. सोनं इतकं, पेट्रोल इतकं, साखर इतकी, सायकल इतकी, सगळे भाव कुठल्यातरी जुन्या सालातले आणि खाली 'गेले ते दिवस'. मग मावशी लिहिते खरंय, मामा लिहितात तेव्हाचा माणूस सुखी होता, कोणीतरी डोळे भरून आलेला इमोजी टाकतं आणि एकदा का हे सुरू झालं की रात्रीपर्यंत थांबत नाही. मला त्याची चीड येते. भाव खोटे असतात असं नाही, बरेचसे खरेच असतात. पण त्या अख्ख्या यादीत एक आकडा कधीच नसतो आणि तो म्हणजे पगार. साखर ६ रुपये किलो होती हे सगळ्यांच्या तोंडपाठ आहे, ती आणणाऱ्याला दिवसाचे किती मिळत होते हे विचारलं की ग्रुप एकदम शांत.

तर हा घ्या पगार. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर होते. आईने जुनी रेशनकार्डं, माझ्या शाळेचे दाखले, हप्त्याच्या पावत्या असलं सगळं एका पिशवीत ठेवलंय, त्यात १९८७ सालच्या पे-स्लिपा निघाल्या. बेसिक, डीए म्हणजे महागाई भत्ता, सायकल भत्ता (हो, असा भत्ता असायचा), त्यातून पीएफ आणि ईएसआयची (कामगार विम्याची) कपात जाऊन हातात ९०० च्या आसपास. हजेऱ्या २६. म्हणजे रोजचे साधारण ३५ रुपये.

आणि दुसऱ्या बाजूला माझा भाचा. नाशिकच्याच अंबड एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर आहे, ठेकेदाराकडून. ओव्हरटाइम सोडून हातात १५ हजार. हजेऱ्या त्याच २६, म्हणजे दिवसाचे ५७७. काम जवळपास तेच, दोघंही लोखंडच कापतात, फक्त अण्णा हाताने चाक फिरवायचे आणि हा बटण दाबतो. म्हणून ही दोन माणसं पट्टी म्हणून धरायची आणि रुपयात काही मोजायचंच नाही, हजेरीत मोजायचं. एका दिवसाच्या कामात किती आलं तेवढंच बघायचं.

आता ते मेसेजवाले कधी सांगत नाहीत ती गोष्ट पहिली सांगतो, तेल. १९८७ ला दुष्काळ होता आणि शेंगदाणा तेल २५-२८ रुपये किलो झालं होतं. म्हणजे अण्णांच्या एका दिवसात सव्वा किलो तेल. भाच्याच्या एका दिवसात आज तीन किलो येतं. आमच्याकडे भाजीला पळीने मोजून तेल पडायचं, दिवाळीला रेशनवर पामतेल मिळायचं आणि त्याची लाइन पहाटेच लागायची, मी स्वतः डबा घेऊन उभा राहिलोय. थंडीत ते पामतेल डब्यात गोठायचं, मग आई डबा उन्हात ठेवायची. हे सगळं ज्यांनी बघितलंय तेच लोक आज 'तेव्हा स्वस्ताई होती' म्हणून फॉरवर्ड करतात, याला काय म्हणायचं.

साखर तेव्हा एका हजेरीत पावणेसहा किलो यायची, आज तेरा किलो येते. तूरडाळ तेव्हा साडेतीन किलो, आज साडेचारच्या आसपास. दूध तेव्हा सात लिटर, आज नऊच्या जवळ, म्हणजे फार काही फरक नाही. पेट्रोलचं तर मला आश्चर्यच वाटलं, तेव्हा आठ-साडेआठ रुपये धरलं तर हजेरीत चार लिटर यायचं आणि आज १०४ रुपयांनी साडेपाच लिटर येतं. पण गंमत अशी की अण्णांना पेट्रोलचा भाव काय आहे याच्याशी काही देणंघेणंच नव्हतं कारण ते सायकलवर जायचे, सातपूरच्या रस्त्याला शिफ्ट सुटली की सायकलींचा लोंढा असायचा, आणि भाच्याला गाडीशिवाय कामच मिळणार नाही. लिटरचा भाव बघायचा तो बघा, पण किती लिटर लागतंय तेही बघायला पाहिजे ना.

वस्तूंचं तर विचारूच नका. छताचा पंखा ५०० रुपयांना घेतला होता, चौदा हजेऱ्या. आज १८०० चा पंखा म्हणजे तीन दिवस. ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही ३००० ला, म्हणजे ८६ हजेऱ्या, तीन महिन्यांच्या वर, आणि त्यावर एकच चॅनेल आणि गच्चीवर अँटेना फिरवायला मी. आज ३२ इंची एलईडी दहा हजारात येतो, सतरा दिवस. सायकल तेव्हाही सतरा दिवसांची होती, आज दहा. फोनचं तर काय, मुंबईला बोलायचं तर एसटीडी बूथवर रात्री रेट कमी व्हायची वाट बघत बसायचं आणि मीटरवर नजर ठेवून बोलायचं. आता तीनशे रुपयांच्या रिचार्जमध्ये भाचा महिनाभर रील बघतो.

पण मग मटण घ्या. तेव्हा ३० रुपये किलो, हजेरीत सव्वा किलोला थोडं कमी. आज नाशकात ७८० म्हटलं तर हजेरीत पाऊण किलो. मिसळ घ्या. १९८७ ला दोन रुपयांना प्लेट, एका दिवसाच्या पगारात सतरा प्लेटा. आज गंगापूर रोडला ती बाग-बिग, झोपाळे, पार्किंगवाली मिसळ शंभरच्या खाली नाही, पाच-सहा प्लेटांत हजेरी संपली, गाड्यावरची साधी घेतली तरी दहा. केसांची कटिंग तेव्हा ३ रुपये, आज शंभर. म्हणजे हिशोब करता करता एक लक्षात आलं की जे मशीनवर बनतं ते स्वस्त झालं आणि जिथं माणसाचा हात लागतो किंवा जागेचं भाडं लागतं ते महाग झालं. आणि मशीनवर बनवणारा कोण, तर आमचा भाचा, ज्याचा हात तेवढा अजून स्वस्त आहे.

बरं, १९८७ म्हणजे काही फार जुनं नाही. त्याच्याही मागं जा. आमचं मूळ गाव नांदगाव तालुक्यात. १९७२ च्या दुष्काळात आमची आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. अडीच-तीन रुपये रोज मिळायचा म्हणायची, मुलांना सुकडी मिळायची आणि रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, त्या मिलोच्या भाकरीचं नाव जरी काढलं तरी आजी तोंड वाकडं करायची. याच दुष्काळातून पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ ला त्याचा कायदा झाला. १९७० ला सरकारी गव्हाचा हमीभाव ७६ रुपये क्विंटल होता, म्हणजे अगदी त्या भावाने मिळाला असता तरी आजीच्या दिवसभराच्या खडीला चार किलो गहू, आणि दुष्काळात त्या भावाने कोण देणार होतं. २०२५-२६ ला रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी ३१२ रुपये होती आणि गव्हाचा हमीभाव २४२५, म्हणजे बारा-तेरा किलो. दुकानातून घेतला तरी नऊ किलो येतोच. आजीला सांगितलं असतं की मजूर माणसाच्या घरात रोज गव्हाच्या पोळ्या होतात, तर तिला ते लग्नघर वाटलं असतं.

आणि त्यानंतरची दोन वर्षं तर अजून वाईट. १९७४ ला महागाईचा दर २५ टक्क्यांच्या वर गेला होता. आज ६ टक्के झाला की टीव्हीवर चर्चा लागते, तेव्हा पंचवीस! मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी बायकांना घेऊन लाटणी हातात धरून मोर्चे काढले ते काय स्वस्ताईच्या आनंदात काढले होते का? मे महिन्यात देशभर रेल्वेचा संप झाला. त्या काळातल्या कुठल्याही माणसाला जाऊन विचारलं असतं की बाबा स्वस्ताई आहे ना, तर त्याने जोडाच काढला असता.

इथपर्यंत वाचून वाटेल की मी 'आज सगळं छान आहे' पार्टीचा आहे. नाही. ती पार्टी पण तितकीच डोक्यात जाते. आमचे एक शेजारी आहेत, म्हणतात आता गरिबी राहिलीच कुठे, प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. अहो मोबाइल आहे कारण मोबाइल पंधरा दिवसांच्या हजेरीत येतो. घर किती दिवसांत येतं ते विचारा की.

घराचंच सांगतो, कारण खरी गोम तिथं आहे. आम्ही सिडकोत राहतो. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगतो, सिडको म्हणजे नवीन नाशिक, अंबड-सातपूरच्या कामगारांसाठी वसवलेला भाग, अजूनही लोक पत्ता सांगताना चौथी स्कीम, सहावी स्कीम असंच सांगतात. अण्णांचं घर, एक खोली, किचन, मागे मोरी आणि पुढे थोडी ओपन जागा, हप्ते धरून २८ हजारात पडलं. भागिले ३५ केलं की ८०० हजेऱ्या. वर्षाच्या ३१२ हजेऱ्या धरल्या तर अडीच वर्षांचा पगार. लेथवरचा एक साधा कामगार, बायको घरी, दोन पोरं, आणि अडीच वर्षांच्या पगारात स्वतःचं घर! अर्थात अडीच वर्षं उपाशी राहून नाही फेडलं, दहा-बारा वर्षं हप्ते भरले, पण फेडलं.

तसंच घर आमच्याच गल्लीत मागच्या वर्षी विकायला निघालं, ३५ लाखाच्या खाली मालक बोलायलाच तयार नव्हता. भागिले ५७७. सहा हजारांच्या वर हजेऱ्या, म्हणजे एकोणीस वर्षांपेक्षा जास्त. आणि हे न खाता-पिता, न लग्न करता. कर्ज काढतो म्हटलं तर ३० लाखाचं वीस वर्षांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी घेतलं की हप्ता बसतो २६ हजार, आणि पगार आहे १५. बँकवाला फॉर्मच देणार नाही. जागेचे भाव काही अंबडच्या ठेकेदाराच्या पगारावर ठरत नाहीत ना, ते मुंबईच्या पैशावर ठरतात, समृद्धीवर, २०२७ च्या कुंभमेळ्यावर, कोणाकोणाच्या इन्व्हेस्टमेंटवर. भाचा भाड्याने राहतो, कामटवाड्यात एक खोली-किचन साडेसहा हजार, म्हणजे महिन्याच्या २६ पैकी ११ हजेऱ्या घरमालकाच्या. अण्णा सिडकोत यायच्या आधी सातपूर गावात १५० रुपये भाडं द्यायचे, चार-सव्वाचार हजेऱ्या.

आता कोणी म्हणेल की सरकारचा महागाईचा इंडेक्स आहे की, त्यात सगळं येतं. तो इंडेक्स म्हणजे आमच्या लहानपणीचा रोजचा विषय. अण्णा आणि त्यांचे मित्र चहाला बसले की 'या वेळी किती पॉइंट वाढला' हेच. औद्योगिक कामगारांचा हा ग्राहक किंमत निर्देशांक सिमल्याचं लेबर ब्युरो काढतं, देशभरातल्या औद्योगिक केंद्रांतून भाव गोळा करतात आणि त्यात आपलं नाशिकही एक केंद्र आहे. डीए त्यावरच ठरतो. १९६० साल १०० धरून हा इंडेक्स सुरू होता, मग १९८२ चा बेस आला, मग २००१ चा, आता २०१६ चा आहे, आणि जुन्या-नव्याला जोडायला गुणक दिलेले आहेत, ४.९३, ४.६३ आणि २.८८. सगळे एकमेकांना गुणून बघा, १९६० ला १०० रुपयात येणारा माल आज साडेनऊ हजारांच्या आसपास जातो. १९८७ पासून धरलं तर साधारण तेरा पट. आणि ९०० चे १५ हजार म्हणजे साडेसोळा पटीला थोडं वर. म्हणजे कागदावर भाचा अण्णांच्या पुढेच आहे.

पण हा इंडेक्स घराचं मोजतो ते भाडं मोजतो, घर विकत घ्यायची किंमत त्यात नसते. आणि सरासरी कुटुंबाची टोपली धरतो. २००१ च्या टोपलीत खाण्यापिण्याचा वाटा ४६ टक्के होता, २०१६ च्या टोपलीत तो ३९ वर आला. म्हणजे माणसं खाण्यावर कमी आणि बाकीच्यावर जास्त खर्च करायला लागली. आता बाकीचं म्हणजे काय? माझी माध्यमिक शाळेची फी महिन्याला १५ रुपये, वर्षाच्या पाच हजेऱ्या. भाच्याच्या मोठ्या भावाची पोरगी ज्युनिअर केजीत आहे, ३५ हजार फी, साठ हजेऱ्या, व्हॅन वेगळी, ड्रेस त्यांच्याकडूनच, वह्या त्यांच्याकडूनच. आणि मनपाच्या शाळेत का घालत नाही म्हटलं तर घरात सगळे अशा नजरेने बघतात की आपणच गप्प बसावं. दवाखान्याचं तसंच. अण्णांचं पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलमध्ये झालं, कपात पगारातून व्हायचीच, वर डब्याचा काय तो खर्च. आता साधं सिझर म्हटलं तरी प्रायव्हेटमध्ये तीन-चार महिन्यांचा पगार काढून ठेवावा लागतो.

सोन्याचं एका ओळीत. १९८७ ला १० ग्रॅम अडीच हजारांच्या थोडं वर, अण्णांच्या त्र्याहत्तर हजेऱ्या. २०२५ मध्ये ते लाखाच्या पार गेलं, नुसतं लाखाला धरलं तरी १७३ हजेऱ्या. आईचं मंगळसूत्र आज परत करायचं म्हटलं तर होणार नाही, विषय संपला.

आणि निफाडकडचे आमचे मामा. ते म्हणतात तुम्ही हजेऱ्या मोजता, आमची हजेरीच कोण लावतं. १९७० च्या ७६ रुपयांचे २०२५ पर्यंत २४२५ झाले म्हणजे गहू बत्तीस पट वाढला, त्याच काळात इंडेक्स पन्नास पटीच्या वर गेला. कांद्याचं तर काही हमीभावाचंही नाव नाही, लासलगावला आज काय निघेल ते मामांना ट्रॅक्टर उभा केल्यावर कळतं. म्हणजे भाच्याच्या हजेरीत जे जास्त किलो येतात ना, त्यातले काही मामांच्या खिशातून आलेले आहेत. फॅमिली ग्रुपवर दोघंही आहेत, पण हे कोणी बोलत नाही.

आता प्रेसवाल्या काकांकडे येतो. नाशिकरोडचे प्रेस म्हणजे नोटा छापतात ते आणि शेजारी स्टॅम्प, पासपोर्ट छापतात ते. नाशकात 'मुलगा प्रेसमध्ये आहे' म्हटलं की पत्रिका न बघता लग्न जमायचं अशी स्थिती. काका अण्णांचे धाकटे भाऊ, चौथा वेतन आयोग लागला तेव्हा ते सगळ्यात खालच्या स्केलला होते, ७५०-९४०. हे स्केल जुन्या लोकांना अजून पाठ असतं. म्हणजे १९८६-८७ ला दोघा भावांचे पगार साधारण बरोबरीचे, डीए धरून काका थोडे पुढे, बस. अण्णा तर थोरले म्हणून काकांना अधूनमधून पैसेही द्यायचे.

मग १९९६ पासून पाचवा आयोग, कमीत कमी २५५०. २००६ पासून सहावा, ७०००. २०१६ पासून सातवा, १८०००. तीस वर्षांत ७५० चे १८ हजार म्हणजे चोवीस पट, आणि त्याच तीस वर्षांत इंडेक्स वाढला दहा पटीला थोडा कमी. २०२५ च्या शेवटी त्याच सगळ्यात खालच्या पायरीवर केंद्राचा माणूस लागला असता तर १८ हजारावर जुलै २०२५ पासूनचा ५८ टक्के डीए मिळून २८ हजार ४४० झाले असते, घरभाडं भत्ता वेगळा. आणि अंबडचा भाचा १५. दोन भाऊ जिथं शेजारी-शेजारी उभे होते तिथं आता एकाचं दुप्पट झालंय. मला काकांचा हेवा नाही, त्यांना जे मिळालं ते बरोबरच मिळालं, उलट सगळ्यांना असंच मिळायला पाहिजे होतं. पण 'महागाई वाढली' असं आपण सरसकट म्हणतो तेव्हा ती कोणाची वाढली हे विचारायला नको का? काकांची नाहीच वाढली. त्यांच्याकडे आयोगाच्या फरकाचे पैसे आले की घरात काहीतरी नवीन यायचं, आधी रंगीत टीव्ही, मग जेलरोडचा फ्लॅट.

पेन्शनला तर हे अजून उघडं पडतं. काकांना पेन्शन आहे आणि त्यावर वर्षातून दोनदा महागाई वाढते तशी वाढ मिळते. अण्णांनाही पेन्शन आहे, पीएफवाली, १९९५ ला सुरू झालेली. २००९ ला रिटायर झाले तेव्हा १४०० रुपये बसली. आज किती? १४००. तिच्यावर डीए नाहीच. २०१४ ला सरकारने कमीत कमी १००० मिळतीलच असं केलं, पण अण्णा आधीच हजाराच्या वर होते त्यामुळे त्यांना त्याचा उपयोग शून्य. तेव्हाच्या १४०० ची ताकद आज पाचशेच्या आसपास उरलीये. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला ते चांगले इस्त्रीचे कपडे घालून जातात, मी म्हणतो अण्णा आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतं, ते म्हणतात नको, माणसाने माणूस बघितलेला बरा. जाण्यायेण्याची रिक्षाच दोनशे रुपये होते, म्हणजे पेन्शनच्या सातव्या हिश्शात दाखला.

एक मान्य करायला पाहिजे की बचतीचं मात्र त्यांच्या वेळी बरं होतं. पीपीएफला १२ टक्के व्याज, किसान विकास पत्रात साडेपाच वर्षांत दामदुप्पट. पोस्टातल्या बाई घरी यायच्या, चहा पिऊन पैसे घेऊन जायच्या. महागाईही आठ-नऊ टक्क्यांची होती म्हणून त्या १२ टक्क्यांत खरी वाढ तीन-चारच टक्के होती, पण सरळ पोस्टात टाकून, डोकं न लावता ती मिळायची. आज पीपीएफ ७.१ आणि किसान विकास पत्र दुप्पट व्हायला ११५ महिने, साडेनऊ वर्षं. भाचा एसआयपी म्हणतो, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याचा हप्ता, पाचशे रुपयांची सुरू केली होती, दोन महिने ठेकेदाराने पगार उशिरा दिला आणि हप्ते बाउन्स होऊन दंड लागला, बंद केली.

मला विचाराल तर अण्णांच्या आणि भाच्याच्या पगारातला खरा फरक ३५ आणि ५७७ हा नाहीच. अण्णांच्या स्लिपवर एक टोकन नंबर आहे आणि तो १९७८ पासून २००९ पर्यंत एकच आहे. वर्कशॉप छोटं होतं, मालक काही देव नव्हता, पगार वेळेवर व्हायचा नाही, तीन वर्षांतून एकदा करारावरून भांडण ठरलेलं आणि एकदा टाळेबंदीही झाली. पण परमनंट होते. दिवाळीला ८.३३ टक्के बोनस तर कायद्यानेच, त्याच्या वर युनियन भांडून काय आणेल ते. त्या टोकन नंबरावर सिडकोने हप्ता लावून दिला, किराणावाल्याने वही चालू ठेवली, आजोबांनी मुलगी दिली. भाच्याने सहा वर्षांत चार ठेकेदार बघितले. २४० दिवस भरत आले की ब्रेक देतात, म्हणजे सलग नोकरी दाखवायला नको, मग परत दुसऱ्या नावाने घेतात, कधी तीच कंपनी, कधी दुसरी. आणि त्याच शॉपमध्ये त्याच्या बाजूच्या मशीनवर जुना परमनंट माणूस आहे, सत्तर हजारांच्या वर घेतो, तो बिचारा स्वतःच म्हणतो मी रिटायर झालो की या जागेवर परमनंट कोणी येणार नाही.

सध्या घरात त्याच्या लग्नाचं बघतायत. दोन स्थळं आली. दोघांनीही पहिला प्रश्न विचारला परमनंट आहे का आणि दुसरा, घर स्वतःचं का. मुलगा निर्व्यसनी आहे, डिप्लोमा आहे, ओव्हरटाइम करतो, हे सगळं नंतर. बहीण आता म्हणते की अण्णांच्या घरावर एक मजला चढवू आणि स्वतःचं घर म्हणून सांगू. इंजिनियरला विचारलं तर म्हणतो एवढ्याशा जागेत आधीच लोकांनी किती बांधलंय बघा, पाया तरी झेपायला पाहिजे, आणि झेपला तरी आठ-दहा लाख कुठे गेले नाहीत.

त्याचा आताचा ब्रेक जानेवारीत आहे. सिन्नरला माळेगाव एमआयडीसीत एक ठेकेदार महिन्याला दीड हजार जास्त द्यायला तयार आहे, पण कंपनीची बस नाही आणि सेकंड शिफ्ट सुटल्यावर दुसरं काही मिळत नाही, म्हणजे गाडीच. जाऊन-येऊन साठ किलोमीटर, पंचावन्नचं अ‍ॅव्हरेज धरलं तरी रोजचे ११०-११५ रुपये, महिन्याचे तीन हजारांच्या आसपास. अण्णांनी पाटावर बसल्या बसल्या तोंडी हिशोब करून सांगितलं की दीड हजाराचा तोटा आहे, नको जाऊ. भाच्याने गोंद्याला एका मित्राला विचारून ठेवलंय, तिथं बस आहे म्हणे.